मुदु, मऊ आणि मवाळ : एका पाली शब्दाचा अर्थ



गेल्या वर्षावासात आमच्या रविवारच्या धम्मवर्गात एका छोट्याशा शब्दावरून मोठी चर्चा झाली. तो शब्द म्हणजे 'मुदु'. करणीय मेत्त सुत्त आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. त्याच्या पहिल्याच गाथेत हा शब्द येतो. अर्थ सांगताना आम्ही फळ्यावर 'मुदु म्हणजे मऊ, मृदू' असे लिहिले आणि पुढच्या शब्दाकडे वळलो. तेवढ्यात दहावीतल्या एका विद्यार्थिनीने हात वर केला. ती म्हणाली, "सर, मऊ असणे चांगले कसे? आमच्या घरी तर शिकवतात, कुणापुढे वाकायचे नाही."

तिच्या प्रश्नाला आम्ही उत्तर देण्याआधीच मागच्या रांगेतून आमचे एक ज्येष्ठ सभासद उठले. आयुष्यभर कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले हे गृहस्थ सहसा वर्गात बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र त्यांनी स्वतःची एक आठवण सांगितली. ते सातवीत असताना त्यांच्या वडिलांना शाळेत बोलावून एका शिक्षकांनी सांगितले होते, "पोरगा मऊ आहे. कुठल्याही कामाला लावा, लागेल." पुढे शिकवा, असे ते म्हणाले नाहीत. कामाला लावा, असे म्हणाले. वडिलांनी गुरुजींचा शब्द प्रमाण मानला आणि मुलाची शाळा तिथेच सुटली. "तेव्हापासून मला कुणी मऊ म्हटलेले आवडत नाही," असे म्हणून ते खाली बसले. "आणि तुम्ही म्हणता, भगवंतांनी मऊ व्हायला सांगितले आहे!"

वर्ग शांत झाला. आम्हालाही त्या क्षणी नीट उत्तर सुचले नाही. नंतरचे दोन महिने जमेल तसे वाचन केले, जाणकारांना विचारले आणि त्यातून जे हाती लागले ते या स्मरणिकेच्या निमित्ताने सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. संस्कृतात 'मृदु', पालीत 'मुदु', महाराष्ट्री प्राकृतात 'मउ' आणि आपल्या मराठीत 'मऊ'. म्हणजे पाली 'मुदु' आणि आपल्या रोजच्या बोलण्यातला 'मऊ' हे एकाच घरातले भाऊ आहेत. शब्दाच्या मुळाशी 'मृद्' हा धातू आहे. त्याचा अर्थ दाबणे, चुरणे, मर्दन करणे. माती म्हणजे मृदा, मृत्तिका. जी दाबता येते, तुडवता येते, मळता येते ती मृदा. म्हणजे स्पर्शाला गुळगुळीत लागणारे ते मऊ, असा अर्थ आपण धरतो तो नंतरचा. मुळातला अर्थ, जे दाबले असता आकार घेते ते मऊ. मखमल मऊ असते ती एका अर्थाने आणि मळलेली माती मऊ असते ती दुसऱ्या अर्थाने. आपल्याला इथे मातीचा मऊपणा हवा आहे.

विद्यार्थ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. 'मुदुता' आणि 'मुदिता' हे दोन वेगळे शब्द आहेत. मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतली 'मुदिता' म्हणजे दुसऱ्याच्या सुखात वाटणारा आनंद. ती 'मुद्' म्हणजे आनंदणे यावरून आली. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत या दोघींची गल्लत झालेली आम्ही पाहिली आहे.

आता मराठीत या शब्दाची काय अवस्था झाली ते पाहा. 'मऊ' शब्द गादीला, भाकरीला, लोण्याला लागला की कौतुकाचा होतो. तोच माणसाला लागला की संशयाचा होतो. 'नरम पडला' म्हणजे हरला. 'मवाळ' हा शब्दही याच कुळातला दिसतो. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली, तेव्हापासून मवाळ आणि जहाल ही जोडी मराठीत अशी काही रुजली की मवाळ म्हणजे कमी धीराचा, असे समीकरणच होऊन बसले. आपल्याकडची एक म्हण तर फारच बोलकी आहे : मऊ लागले म्हणून कोपराने खणू नये. ही म्हण खणणाऱ्याला ताकीद देते हे खरे. पण तशी ताकीद द्यावी लागली, याचा अर्थ मऊ जागा दिसली की लोक कोपराने खणतातच! आणि दुसऱ्या बाजूला, मोडेन पण वाकणार नाही, हा बाणा आपल्या भाषेला फार प्रिय. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या वाकवले गेले, त्याला तर तो अधिकच प्रिय असणार. आमच्या ज्येष्ठ सभासदांचा राग याच ठिकाणचा होता, आणि तो चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही.

शाळेच्या विज्ञानात हीच कल्पना दुसऱ्या नावांनी येते. धातू ठोकून त्याचा पत्रा करता येतो, तिला वर्धनीयता म्हणतात. धातू ओढून तार काढता येते, तिला तन्यता म्हणतात. या दोन्हींत सोने पहिले. एक ग्रॅम सोन्यापासून सुमारे दोन किलोमीटर लांबीची तार निघते, असे विद्यार्थ्यांनी पुस्तकात वाचलेच असेल. तिसरा शब्द आपल्या वसईकरांच्या रोजच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे प्लास्टिक. वालीव आणि सातिवलीच्या औद्योगिक गाळ्यांत आपल्या कितीतरी बंधू-भगिनींनी साच्याच्या मशीनवर पाळ्या केल्या आहेत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'आकार देण्याजोगा' असा आहे. मराठी परिभाषेत त्यासाठी 'आकार्य' हा शब्द घडवला आहे. तो कारखान्यात कुणी वापरत नाही, पण शब्द चांगला आहे. या मशीनवर काम केलेल्यांना दोन जाती माहीत असतील. बादलीचे प्लास्टिक पुन्हा वितळवून पुन्हा साच्यात घालता येते. जुन्या काळ्या बटणांचे बेकेलाइट मात्र एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा मऊ होत नाही. फार तापवले तर करपते आणि आपटले तर तडकते. हे बेकेलाइट लिओ बेकलँड यांनी १९०७ साली अमेरिकेत शोधले. वर्षाचा योगायोग गमतीचा आहे, इतकेच.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सुत्तांमध्ये 'मुदु' शब्द मनासंबंधी येतो, तेव्हा तो सहसा एकटा येत नाही. त्याच्या शेजारी 'कम्मनिय' किंवा 'कम्मञ्ञ' हा शब्द असतो. संस्कृतात 'कर्मण्य', म्हणजे काम करण्यास योग्य. गंमत पाहा, मराठीने 'अकर्मण्य' ठेवला, निरुपयोगी माणसाला शिवी म्हणून. पण 'कर्मण्य' मात्र हरवून टाकला. दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्तात समाधीत स्थिर झालेल्या चित्ताचे वर्णन येते. तिथे चित्त शुद्ध आहे, निर्मळ आहे, मुदु आहे, कम्मनिय आहे असे म्हणून लगेच पुढे ते स्थिर आहे, अचल आहे असेही म्हटले आहे. मऊ आणि अचल, एका दमात! आपल्या मराठी कानाला हा विरोध वाटतो. तसा तो नाही, हे समजायला सोनाराच्या दुकानात जावे लागेल.

अंगुत्तरनिकायाच्या पंचक निपातात सोन्याच्या पाच मळांचा उपदेश आहे. लोखंड, तांबे, कथील, शिसे आणि चांदी हे ते पाच. हे मिसळलेले असताना सोने मऊ राहत नाही, कामाला योग्य राहत नाही, त्याला तेज नसते, आणि ते 'पभंगु' असते, म्हणजे तुटते, तडकते. हे पाच मळ गेले की सोने मऊ होते. मग त्याची अंगठी करा, कुंडले करा, गळ्यातला दागिना करा की सोन्याची माळ करा. जे इच्छाल ते होते. तसेच मनाचेही पाच मळ आहेत : कामच्छंद, व्यापाद म्हणजे द्वेष, थीनमिद्ध म्हणजे सुस्ती, उद्धच्च-कुक्कुच्च म्हणजे चंचलता व पश्चात्तापाची टोचणी, आणि विचिकिच्छा म्हणजे संशयाने जागीच खिळून राहणे.

यात 'पभंगु' या शब्दावर आम्ही बराच वेळ थांबलो. सुत्ताच्या हिशेबात मऊच्या विरुद्ध टणक असे काही नाही. मऊच्या विरुद्ध ठिसूळ आहे. जे वाकत नाही ते बळकट, हा आपला समज. जे वाकत नाही ते तडकते, हा सोनाराचा अनुभव. सोन्यात किंचित शिसे राहिले तरी ते ठोकताना तडे जातात, ही गोष्ट आजही खरी आहे. एक खुलासा मात्र केला पाहिजे, नाहीतर विद्यार्थी आम्हालाच पकडतील. दागिन्यांसाठी आज २२ कॅरट सोने वापरतात, त्यात २४ पैकी २ भाग तांबे किंवा चांदी मुद्दामच घालतात, कारण शुद्ध सोन्याचा दागिना रोजच्या वापरात दबतो, झिजतो. तेव्हा सुत्तातला दृष्टांत हा धातुशास्त्राचा धडा म्हणून घेऊ नये. तो घडवण्याच्या वेळेविषयी आहे. ज्याला अजून आकार यायचा आहे, ते कसे असावे, एवढेच तो सांगतो.

आमच्या वर्गातल्या एका उपासिकेचे यजमान सोन्याच्या कारागिरीत आहेत. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. सोने शुद्ध असले तरी ठोकता ठोकता ते कडक होत जाते. मग हातोडा थांबवून ते पुन्हा तापवावे लागते, तेव्हा ते परत मऊ होते. सतत ठोकत राहिले तर चांगले सोनेही चिरते. अंगुत्तरनिकायाच्या तिक निपातात सोनाराचा जो दुसरा दृष्टांत आहे, त्याच्याशी हे किती जुळते! तिथे सोनार मुशीतल्या सोन्यावर अधूनमधून फुंकर घालतो, अधूनमधून पाणी शिंपडतो आणि अधूनमधून नुसते बघत राहतो. नुसती फुंकर घातली तर सोने जळेल, नुसते पाणी शिंपडले तर थंड होईल, नुसते बघत बसले तर ते पक्के तयार होणार नाही. साधकाने तसेच प्रयत्न, एकाग्रता आणि उपेक्षा या तिघांकडे वेळोवेळी लक्ष द्यावे. दहावीच्या मुलांना रोज चौदा तास अभ्यासाला बसवणाऱ्या पालकांनीही हा दृष्टांत वाचायला हरकत नाही.

पण आमच्या ज्येष्ठ सभासदांचा आक्षेप यानेही सुटत नाही. त्यांनी पुढच्या रविवारी तो अधिक नेमका करून मांडला : "सोने मऊ आहे म्हणून सोनार त्याला हवा तो आकार देतो. सोन्याला कोण विचारतो? मलाही कुणी विचारले नव्हते." प्रश्न अगदी बरोबर होता. सारे काही इथेच आहे. सोनार कोण?

याचे उत्तर धम्मपदाच्या पंडितवग्गात मिळते. कालवे काढणारे पाणी वळवतात, बाण करणारे बाण सरळ करतात, सुतार लाकडाला आकार देतात. आणि शहाणी माणसे स्वतःलाच वळण लावतात, असा तिथला भाव आहे. पहिल्या तिघांत घडवणारा वेगळा आणि घडणारी वस्तू वेगळी आहे. चौथ्यात दोन्ही एकच. सोने आपले आणि हातोडाही आपलाच. मन मुदु आणि कम्मनिय करायचे ते दुसऱ्याने आपल्याला कुठल्याही कामाला लावावे म्हणून नव्हे. आपण जे करायचे ठरवू ते करायला आपले मन आड येऊ नये म्हणून. सातवीतल्या मुलाच्या वडिलांना जे सांगितले गेले, त्यात मुलाचे मन सोन्यासारखे मानले होते हे खरे, पण सोनार परका होता. शब्द तोच, 'मऊ आणि कामाला योग्य'. हातोडा कुणाच्या हातात आहे, एवढ्याने त्याचा अर्थ उलटा होतो.

मेत्त सुत्तातही क्रम पाहावा. 'मुदु'च्या आधी काय येते? आधी 'सक्को', म्हणजे समर्थ. मग 'उजु' म्हणजे सरळ, ताठ. मग 'सुवचो', म्हणजे ज्याला काही सांगता येते, ज्याच्या कानापर्यंत शब्द पोचतो असा. त्यानंतर 'मुदु', आणि शेवटी 'अनतिमानी', म्हणजे फाजील गर्व नसलेला. समर्थ आणि सरळ असलेल्या माणसानेच मऊ व्हायचे आहे. असमर्थाचा मऊपणा वेगळा, ती लाचारी. आणि 'सुवचो' म्हणजे सांगितलेले सारे ऐकणारा असेही नव्हे. परंपरेने आले, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरू सांगतात एवढ्यावरून मानू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धांच्या शिकवणुकीत तसा अर्थ बसणारच नाही.

आणखी एक पुरावा आम्हाला महत्त्वाचा वाटतो. 'मुदु'वरून 'मद्दव' हा शब्द होतो, संस्कृतात 'मार्दव'. बौद्ध परंपरेत राजाची दहा कर्तव्ये सांगितली आहेत, दस राजधम्म : दान, शील, परित्याग, ऋजुता, मार्दव, तप, अक्रोध, अविहिंसा, क्षांती आणि अविरोध. मार्दव हे त्यांतले पाचवे. नीट पाहा, मऊपणाची मागणी इथे प्रजेकडे केलेली नाही, राजाकडे केलेली आहे. ज्याच्या हातात दंड आहे त्याने मऊ असावे! कलिंगच्या युद्धानंतर सम्राट अशोकाने जो तेरावा शिलालेख कोरवला, त्याच्या गिरनार येथील पाठात हाच शब्द आहे, 'मादव'. सर्व प्राणिमात्रांना इजा न होणे, संयम, समभाव आणि मार्दव लाभावे अशी इच्छा तो तिथे व्यक्त करतो. जिंकलेल्या राजाचे हे शब्द आहेत.

अशोकाचे शिलालेख आपल्या दारात होते, हे आपल्या मुलांना माहीत असले पाहिजे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात मिळाला. ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली, तेच हे वर्ष. दोन्ही आता मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. तेरावा लेख मात्र इथे सापडलेला नाही.

त्याच १८८२ साली भगवानलालजींनी सोपाऱ्याचे टेकाड खोदले. गावचे लोक त्याला बुरूड राजाचा किल्ला म्हणत. तिथे दगडी करंडकात मध्यभागी तांब्याची डबी आणि तिच्याभोवती आठ ब्राँझच्या मूर्ती मिळाल्या. तांब्याच्या डबीत चांदीची, तिच्यात दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सर्वांत आत सोन्याची डबी होती. सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे होते. ते भगवंतांच्या भिक्षापात्राचे म्हणून ठेवले असावेत, असे भगवानलालजींनी मानले. सोबत सोन्याची लहान लहान फुले होती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. शेकडो वर्षांपूर्वी कुणा कारागिराने सोन्याला ती फुले होण्याइतके मऊ केले असणार. सुत्तातला दृष्टांत देताना आम्ही आता याच फुलांचा दाखला देतो. आणि टेकाडाचे नाव बुरूड राजाचे, हेही आम्हाला आवडते. ओला बांबू वाकतो, वाळलेला चिरफाळतो, म्हणून त्याला भिजवून मगच सूप-टोपली विणायची, हे बुरुडाला कुणी ग्रंथातून शिकवावे लागले नाही. त्याच्या टोपलीत वाकलेल्या कांब्याच एकमेकींना धरून असतात आणि धान्याचे ओझे पेलतात.

अनुवाद करताना काय करावे, हा प्रश्न उरतो. 'मृदू' म्हटले तर भाषा ग्रांथिक होते आणि मुलांना फुलाच्या पाकळ्या आठवतात. 'मऊ' म्हटले तर कोपराने खणणारे आठवतात. 'लवचिक' बरा आहे, पण लवचिक वस्तू वाकवून सोडली की पुन्हा पहिल्यासारखी होते, रबरासारखी. दिलेला आकार ती ठेवत नाही. सोने ठेवते. तेव्हा 'लवचिक मन' हा 'मुदु चित्त' याचा बरोबर अनुवाद नव्हे, असे आमचे मत झाले आहे. 'आकार्य' अर्थाला अचूक, पण मेत्त सुत्ताच्या अनुवादात तो कारखान्यातून आल्यासारखा वाटतो. 'घडणारे' हा साधा मराठी शब्द आम्हाला त्यातल्या त्यात जवळचा वाटला. घडणारे मन. घडवलेले नव्हे, घडणारे.

आमच्या ज्येष्ठ सभासदांना हे वाचून दाखवले. त्यांनी दोन ठिकाणी शुद्धलेखन दुरुस्त केले. मग म्हणाले, "घडणारे चालेल. पण त्याच्या पुढे 'ठित' लिहायला विसरू नका. मुलांना दोन्ही शब्द एकदमच पाठ करू द्या." वर्गाच्या वहीत आता तशी नोंद आहे. ज्या विद्यार्थिनीने हा सगळा उद्योग आमच्या मागे लावला, ती दहावी पास होऊन विज्ञान शाखेत गेली आहे. सोन्याच्या सुत्तात मुदु आणि कम्मनियच्या बरोबर 'पभस्सर' असा एक शब्द येतो, त्याचा अर्थ कुणी सांगितलाच नाही, अशी तिची नवी तक्रार आहे. पुढच्या वर्षावासात तो घ्यायचे ठरले आहे.